पहिल्या पानावरचा तांब्या

पडद्यावर तांब्या आला आणि राजलक्ष्मी सबनीसचा माऊसवरचा हात तसाच थांबला. पितळेचा तांब्या, पोटाला पोचा आलेला, सारवलेल्या ओटीवर ठेवलेला. पाणी इतकं काठोकाठ की फोटो काढणाऱ्यानं श्वास रोखून धरला असावा. बाकी पानावर काही नाही. नाव नाही, वरची पट्टी नाही, 'माझ्याविषयी' नाही. सकाळपासून तपासलेल्या सगळ्या वेबसाइट एका आईच्या लेकी वाटाव्यात अशा होत्या. निळी पट्टी, पट्टीत इस्त्रीच्या साडीतल्या बाई नाहीतर हाताची घडी घातलेले सर, खाली 'माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान' आणि त्याच्या शेजारी कुठूनतरी उचललेली समई. नोकरी करता करता शिकणाऱ्या शिक्षकांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्याचा शेवटचा प्रकल्प म्हणजे ही वेबसाइट. आपण वर्गात काय केलं, मुलांनी काय केलं, ते तिच्यात मांडायचं. थोडे गुण रचनेला, जास्त मजकुराला, आणि परीक्षक दोन. कसोट्या मात्र एकटीच्या, राजलक्ष्मीच्या. तिनंच त्या कधीकाळी लिहिल्या होत्या आणि आता वाशीच्या या कॉलेजातच नाही तर बाकीच्या केंद्रांवरही त्याच चालत. पहिली कसोटी तिच्या खास आवडीची होती. पाहुण्याला पाच सेकंदांत कळलं पाहिजे की ही साइट कुणाची आणि कशासाठी.

पाच सेकंद केव्हाच होऊन गेले होते. तांब्या बसून होता. शेजारच्या खान्यात दुसऱ्या परीक्षकाचे, जगदाळे सरांचे, गुण दिसत होते. रचना शून्य, मजकूर शून्य, शेरा 'पान उघडत नाही'. उमेदवाराचं नाव मनस्वी मढवी, कोपरखैरण्यातल्या एका शाळेत पहिलीच्या वर्गावर, कंत्राटी. राजलक्ष्मीनं पुढच्या नावाकडे जायला हवं होतं. पण तिचं बोट पाण्याकडे गेलं. का गेलं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. वेबसाइट शिकवणारी बाई असं कुठंही बोट लावत नाही, बटण शोधते. हे बोट त्या बाईचं नव्हतं. पडद्यावरचं पाणी हळूहळू उतरलं, कुणीतरी वरून पीत असल्यासारखं. तांब्याचा तळ दिसला. मग स्पीकरमधून एका लहान मुलीचा आवाज आला, दाराआडून यावा तसा. "कोन आयलाय?"

राजलक्ष्मीनं लॅपटॉप मिटला.

जगदाळे सर समोरच्या टेबलावर डबा खात होते. त्यांनी मान वर केली. "काय हो मॅडम, हँग झाला?" "नाही. डोळे दुखतायत." "मग बरोबर. त्या मढवीचीच उघडली असणार. नुसता तांब्या दाखवते. मला वाटलं, एसी बंद पडलाय म्हणून प्यायला पाठवलाय कुणी." ते स्वतःच्याच विनोदावर हसले आणि चटणीला पोळी लावली. दिनानाथ जगदाळे वाईकडचे, मनानं मोकळे, कॉम्प्युटरच्या बाबतीत कडक. न उघडणारी गोष्ट त्यांच्या लेखी नसलेलीच गोष्ट. राजलक्ष्मी खिडकीशी गेली. खाली एप्रिलचं ऊन रस्त्यावर वितळत होतं आणि सोसायट्यांच्या निळ्या टाक्या एकापाठी एक, पार खाडीपर्यंत गेल्या होत्या. तो आवाज अजून खोलीत होता. कोन आयलाय. आई गेल्यापासून तिला माहेरच्या या बोलीत कुणी काही विचारलं नव्हतं. खरं तर आई होती तेव्हाही शेवटी शेवटी ती उत्तर पुण्याच्या मराठीत देई, लग्नानंतर अंगात मुरलेल्या मराठीत, आणि आई क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राही, फोन चुकीचा लागल्यावर बघतात तशी.

घणसोलीचं माहेरचं घर. आता तिथं चार मजले आहेत आणि मजल्यामजल्यावर भाडेकरू, पण तिच्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, मातीचीच ओटी दिसते. ओटीच्या टोकाला, दाराच्या उजव्या हाताला, तांब्या. भरलेला. तो रिकामा राहिलेला तिनं पाहिला नव्हता. मिठागरावरून येणारा, होडीवरून येणारा, वाट चुकलेला, जो कुणी उंबऱ्याशी येई त्याला आधी पाणी, मग गुळाचा खडा, आणि तो प्याला की मगच 'कोन आयलाय, कंच्या गावचा'. आधी नाव विचारणं म्हणजे त्याच्या तहानेला दाखला मागणं. आई, बाळाबाई, विहिरीवरून हंडा आणताना म्हणायची, अर्धं गाणं, अर्धं धापणं,

*पानी घे रं पावन्या, मंग सांग तुजा गाव*
*तान भागल्या बिगर, कसा पुसू तुजा नाव*

आणि शेवटचा शब्द पायरीवर हंडा टेकवताना यायचा, धपकन. राजी, म्हणजे तेव्हाची राजलक्ष्मी, त्या धपकनची वाट बघत बसायची. गाण्याला शेवट असतो हे तिला हंड्यामुळे कळलं होतं.

मग ती माणसं आली. शर्ट खोचलेली, हातात लोखंडी साखळी, सोबत लाल-पांढरी काठी. इथं नवं शहर होणार म्हणून जमीन मोजायला आलेली. गावातल्या बाप्यांनी त्यांच्याकडे पाठ केली होती. तिचा बाप, धर्मा, भाताच्या बांधावर बसून राहिला. दुपारचं ऊन, खारजमिनीवर सावलीला झाड नाही. त्यातला एक तरुण मोजणीदार साखळी ओढता ओढता खाली बसला आणि त्यानं डोक्यावर रुमाल टाकला. बाळाबाईनं ते ओटीवरून पाहिलं. "राजे, तांब्या उचल." राजीनं उचलला. तिच्या दोन्ही हातांत तो मावत नव्हता, पाणी फ्रॉकवर सांडत होतं. बांधावरून जाताना बापानं विचारलं, "कोनाला नेतेस?" आईनं मागून उत्तर दिलं. "जो तानेला हाय त्याला." "ते जमीन न्यायला आयलेत, बाले! त्याना पानी?" आणि बाळाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जमीन सरकार मागतंय. तान सरकारची हाय काय? तान त्याची हाय." तो मोजणीदार प्याला. गळ्यातून पाणी खाली उतरताना दिसत होतं. पिऊन झाल्यावर त्यानं तांब्या जमिनीवर ठेवला नाही, तिच्या हातात दिला, आणि विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?" राजीनं सांगितलं नाही. लाजून नाही. तिला कळलंच नव्हतं की पाणी पिणाऱ्यानं विचारायचं असतं की देणाऱ्यानं. मग त्यानं साखळी उचलली आणि त्यांचं शेत मोजलं. नीट मोजलं, इकडचं तिकडं केलं नाही. बाप पुढं कितीतरी वर्षं म्हणायचा, "मोजनी खरी झाली." अभिमानानं म्हणायचा की दुःखानं, ते तिला अजून ठरवता आलेलं नाही.

"मॅडम, तोंडी परीक्षा सुरू करू या?" जगदाळे सरांनी डबा पुसून पिशवीत टाकला. "मढवीलाच आधी घेऊ. बिचारी सकाळपासून पॅसेजमध्ये बसलीय. मी काल फोन केला होता तिला, पान उघडत नाही म्हणून. नंतर कुणी म्हणायला नको, सांगितलं नाही."

मनस्वी मढवी आत आली ती लॅपटॉप छातीशी धरूनच. सव्वीस-सत्तावीसची असेल. केस घट्ट बांधलेले, कुर्त्याच्या बाहीवर खडूची पूड, आज सुट्टी असूनही. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या टोकावर बसली आणि कुणी काही विचारायच्या आत बोलायला लागली. "सर, मॅडम, सॉरी. सरांनी सांगितलं पान उघडत नाही. आमच्याकडं उघडतं, म्हणजे सगळ्यांच्या मोबाईलवर उघडत होतं, पण माझंच काहीतरी चुकलं असणार. म्हणून मी दुसरी बनवली. टेम्प्लेटवाली. सगळं कसोटीप्रमाणं आहे. हीच धरा ना प्लीज." तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

निळी पट्टी. इस्त्रीच्या साडीत मनस्वी मढवी. माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान. समई. पाच सेकंद लागलेच नाहीत. 'माझे विद्यार्थी' या पानावर एका हिरवळीवर गोरीगोमटी मुलं हात उंचावून हसत होती.

"ही मुलं कुठली?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"नेटवरची, मॅडम."

"आणि तुमची?"

मनस्वीनं खाली बघितलं. "आमच्या पोरांचे फोटो एवढे छान नाय येत. लाईट नसते घरात. आणि दात पडलेत सगळ्यांचे."

जगदाळे सर खळखळून हसले. "पहिलीत दात पडायचेच! पण काम साफ आहे बरं का हे. लिंका चालतात, रंग नीट आहेत. मॅडम, मुदत कालची होती हे खरं, पण एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय? नवी धरू. मुलीचं नुकसान कशाला?"

"नुकसान म्हणजे?" राजलक्ष्मीला माहीत होतं, तरी विचारलं.

"मॅडम, यात पास झाले तर जूनला कायम करणार आहेत," मनस्वी म्हणाली. "नाय झाले तर दुसरी बाई बघतील. तसं सांगितलंय शाळेनं. माझी टेन्शननं झोप उडालीय." ती हसायचा प्रयत्न करत होती. "तांब्याचं ते... घरचे बोललेच होते मला. नवरा बोलला, ही काय वेबसाइट हाय की पाणपोई?"

"मग ठेवलात कशाला?"

प्रश्न कडक निघाला. मनस्वीनं बोटं एकमेकांत अडकवली. "पहिल्यांदा अशीच केली होती, पट्टीवाली. वर्गातल्या आयांना लिंक पाठवली, पोरांचं काम बघा म्हणून. कुणी मच्छी विकायला बसतं, कुणाचे वडील तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर गोण्या घेतात. आया लिंक उघडायच्या नि बंद करायच्या. त्यातल्या गंगूताई म्हणाल्या, बँकेचं वाटलं गो, आपलं काय काम तिथं? मग मी तांब्या ठेवला. घरात असतो ना दाराशी, तसा. कुणाला काय सांगावं नाय लागलं." ती थांबली. "पण ते आयांसाठी झालं, मॅडम. परीक्षेला तसं चालत नाय, ते कळायला पाहिजे होतं मला. नवीच धरा ना."

नवी धरणं सोपं होतं. नवी धरली की ही मुलगी आत्ता, या खोलीतच पास झाली असती, जगदाळे सरांनी पुढचं नाव पुकारलं असतं आणि दुपार सरली असती. जुनी धरली तर जगदाळे सरांचं शून्य, तिच्या स्वतःच्या पहिल्या कसोटीचं शून्य, आणि आत काय आहे ते तर कुणीच पाहिलेलं नाही. तीही लॅपटॉप मिटून खिडकीशी पळाली होती. कदाचित आत काहीच नसेल. एक गोड तांब्या आणि मागं रिकामं घर. राजलक्ष्मीला अचानक घसा कोरडा झाल्याचं जाणवलं. नेरूळच्या तिच्या सोसायटीत फाटकावर कुणी आलं की मोबाईल वाजतो, पडद्यावर नाव आणि फोटो येतो, खाली दोन बटणं, 'आत सोडा' आणि 'नाकारा'. तिथंही पाच सेकंद पुरतात. ती नाकारताना तोंडाकडे बघत नाही, नावाकडे बघते. आणि हिरवळीवरची ती मुलं, कुणाचीच नसलेली, हात उंचावून हसत होती. मोजायचंच तर ज्याचं शेत आहे त्याचंच मोजायला हवं.

"जुनीच बघणार आम्ही," ती म्हणाली.

मनस्वीचा चेहरा उतरला. खडूची पूड लागलेली बाही तिनं उगाच झटकली. "मॅडम, मी नापास होईन."

"होऊ शकता. थोडा वेळ बाहेर बसा."

दार लागल्यावर जगदाळे सर खुर्चीतच वळले. "हे काय काढलंत? पोरगी रडकुंडीला आली. उघडतच नाही तर बघणार काय?"

"तुम्ही पाण्याला हात लावलात?"

"कुठल्या पाण्याला?"

"तांब्यातल्या."

"कशाला लावू? बटण नको लिहायला? 'येथे क्लिक करा' नाही, बाण नाही, काही नाही. तुम्हीच शिकवता ना, वापरणाऱ्याला कोड्यात टाकू नये?"

"शिकवते. तुमच्या घरी वाईला पाहुणा आला की त्याला बटण दाखवतात?"

"आमच्याकडं गूळपाणी..." म्हणता म्हणता जगदाळे सर थांबले. त्यांनी चष्मा वर केला आणि पडद्याकडे बघितलं. राजलक्ष्मीनं जुनी साइट उघडून ठेवली होती. तांब्या बसलेला, काठोकाठ. सरांनी तर्जनी पुढं केली, मागं घेतली, रुमालाला पुसली. उन्हातून आलेला माणूस ओटीवर चढताना पायपुसणं शोधतो तसं काहीतरी त्यात होतं. मग त्यांनी पाण्याला बोट लावलं. पाणी उतरलं. तळ दिसला. "कोन आयलाय?" पोरीनं विचारलं.

"मी, दिनानाथ," सर चटकन म्हणाले, मोठ्यानं, थेट लॅपटॉपला. "वाईचा." आणि लगेच कानापर्यंत लाल झाले. "आयला! मी बोललो का हो आत्ता?"

राजलक्ष्मी हसली. हसताना डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पदरानं टिपलं नाही, तसंच राहू दिलं.

आत दारं होती. फोटोच, पण खऱ्या दारांचे. एक पत्र्याचं, एक निळं, एकावर झेंडूची वाळकी माळ, एक दार म्हणजे नुसता लुगड्याचा पडदा. प्रत्येक दारामागं वर्गातलं एक मूल. निळ्या दारामागं स्वराज, दोन दात पडलेला. आईच्या टोपलीतली मासळी त्यानं चितारली होती आणि एकेका मासळीखाली तिचं नाव लिहिलं होतं. बोंबिलाचा 'ब' उलटा, दुसऱ्या ओळीत सुलटा, आणि खाली मनस्वीनं लिहिलं होतं, त्याला चुकीचं म्हणाले नाही, मासळीनं तोंड फिरवलं की तिचं अक्षरही फिरतं का, ते त्याला विचारलं. पडद्यामागं प्रणय. बापानं बाजारातून आणलेल्या रिकाम्या गोण्यांवरची अक्षरं तो मोठ्यानं वाचत होता, गोणीला शिवण जिथं आहे तिथं अडखळत. जगदाळे सर आधी टेकून बसले होते, मग पुढं झुकले, मग त्यांनी आवाज वाढवला. मधेच ते कुरकुरले, "हे पिवळं काय लिहिलंय पांढऱ्यावर? दिसत नाही काही." ते खरंच दिसत नव्हतं. एका दाराशी गाणं इतकं मोठ्यानं लागलं की दोघं दचकले. पत्र्याचं दार मात्र उघडेना. "बघा, लिंक तुटलीय," सर म्हणाले, पेन हातात घेत. राजलक्ष्मीनं खालचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. 'रुतिकाचं घर होळीला गावी गेलं ते परत आलं नाही. आलं की दार उघडेल.' सरांनी पेन खाली ठेवलं.

"मजकुराचं शून्य मी खोडतो," ते शेवटी म्हणाले. "चूक माझी, मी आत गेलोच नाही. पण पहिल्या पानाला मी काही देणार नाही, सांगून ठेवतो. नाव नाही म्हणजे नाही. उद्या सगळे तांबे ठेवायला लागतील."

"नका देऊ. मी देईन. आणि पिवळ्या अक्षरांचे मीही कापणार."

त्यांनी आपापले आकडे लिहिले. राजलक्ष्मीनं तिची पहिली कसोटी पुन्हा वाचली. पाहुण्याला पाच सेकंदांत कळलं पाहिजे. हे वाक्य लिहिताना तिच्या डोळ्यांपुढं कोण पाहुणा होता, ते तिला आठवेना. घाईत असलेला कुणीतरी, न बसणारा. तिनं बेरीज पुन्हा केली, इकडचं तिकडं न करता. मनस्वी मढवी पास होत होती. फार वरून नाही, पण काठावरूनही नाही.

पॅसेजमध्ये ऊन आत आलं होतं. मनस्वी भिंतीशी उभी होती, बसली नव्हती. "जुन्यावर पास झालात," राजलक्ष्मी म्हणाली. "पिवळी अक्षरं काळी करा. गाण्याचा आवाज कमी करा. आणि ती हिरवळीवरची मुलं काढून टाका." मनस्वीनं नुसती मान हलवली, एकदा, दोनदा, मग चेहरा ओढणीत लपवला. राजलक्ष्मीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "रडतेस कनाला, बाय? मोजनी खरी झाली."

मनस्वी थबकली. ओढणी खाली आली. ओल्या डोळ्यांनी तिनं परीक्षकबाईंकडे पाहिलं, साडीकडे, गळ्यातल्या ओळखपत्राकडे, पुन्हा तोंडाकडे. मग पिशवीत हात घालून स्टीलची बाटली काढली, झाकण उघडलं आणि दोन्ही हातांनी पुढं केली. काही विचारलं नाही. राजलक्ष्मी उभ्या उभ्या प्याली. सकाळपासून ती काही प्यायलीच नव्हती, हे तिला घोट उतरताना कळलं. पाणी कोमट होतं, बाटलीचा वास असलेलं. तिनं ते संपवलं. बाटली खाली ठेवली नाही, मुलीच्या हातात दिली.

आणि मग मनस्वीनं विचारलं, "तुमी कंच्या गावच्या, मॅडम?"

"घनसोलीची," ती म्हणाली. "बालाबाईची राजी."